पहिल्या हाकेला

१

विद्युल्लताबाईंना उगाच राग येतो, असं त्यांच्या माघारी देवासात बोललं जाई. ते साफ खोटं होतं. उगाच राग त्यांना कधीच आला नाही. कारण दर वेळी असे आणि ढळढळीत समोर असे. बाकीच्यांना ते दिसत नाही, याचाच तर त्यांना राग येई.

पस्तीस वर्षं त्यांनी शाळेत वनस्पतिशास्त्र शिकवलं होतं. गावातल्या मराठी मंडळींनी बागांच्या सहली काढायचं ठरवलं तेव्हा पहिलं नाव त्यांचंच लागलं. दर महिन्याच्या दुसऱ्या रविवारी सकाळी सातला टेम्पो ट्रॅव्हलर निघायची. बरोबर पोह्यांचा डबा, वर भुरभुरायच्या जीरावन मसाल्याची डबी, चहाचे थर्मास. कधी इंदूर, कधी उज्जैन, कधी मांडू. बाग आली की मंडळी सावली शोधून सतरंजी पसरत आणि विद्युल्लताबाई चष्मा पुसून झाडांच्या पाट्या वाचायला निघत. दोन कुंड्यांच्या पाट्यांची अदलाबदल झालेली दिसली की त्या कोणाला न विचारता उपसून आपापल्या जागी लावत. निघताना फाटकावरची अभिप्राय वही मागून घेत आणि पानभर लिहीत. 'चुकीचं नाव लावणं म्हणजे त्या झाडाचा अपमान आहे,' हे वाक्य माळव्यातल्या निदान नऊ वह्यांत त्यांच्या अक्षरात सापडेल.

यजमान श्रीपादराव त्यांच्या मागून हात पाठीशी बांधून चालत. आयुष्यभर त्यांनी नगरपालिकेत नकाशे काढले होते. आता दोन वर्षांपासून त्यांना घराच्या गल्लीचंही वळण आठवेना. इंदूरच्या डॉक्टरांनी आजाराचं नाव सांगितलं, गोळ्या दिल्या, आणि वयोमानाने असं व्हायचंच असं म्हणाले. त्या वाक्याचा राग बाईंच्या डोक्यात अजून होता. घरी येऊन त्यांनी एक कार्ड केलं. त्यावर श्रीपादरावांचं पूर्ण नाव, पत्ता, आपला फोन, सगळं ठळक अक्षरात लिहिलं, लॅमिनेट करून दोरीत ओवलं आणि त्यांच्या गळ्यात घातलं. नाव लिहायला त्यांची हरकत नव्हती. तोंडाने मात्र एकेचाळीस वर्षांत घेतलं नव्हतं. हळदीकुंकवाला उखाण्यात घेतलं तेवढंच. एरवी "अहो."

आणि त्या "अहो"ला श्रीपादराव पहिल्या हाकेला कधी ओ देत नसत. दुसऱ्या हाकेला डावा कान चोळत, तिसरीला म्हणत, "अगं, ऐकू आलंय." आजाराने त्यांचं सगळं नेलं, पण ही खोड तेवढी राहिली होती. विद्युल्लताबाई त्यावरून रोज भांडत, आणि भांडून झाल्यावर त्यांना जरा बरं वाटे.

२

जानेवारीतली सहल धारच्या पुढे, तिरल्याच्याही पलीकडे होती. विश्वासरावांनी, म्हणजे मंडळाच्या सेक्रेटरींनी, व्हॉट्सॲपवर कळवलं होतं: सातकुंडीची बाग, संस्थानी काळातलं काचघर, नुकतंच दुरुस्त होऊन खुलं झालंय.

दुरुस्त म्हणजे काय, ते फाटकातच कळलं. कारंजं बंद. बाकांवर नवा रंग, तोही ओला, आणि त्यावर कागद लावायची कोणाला बुद्धी नाही. मात्र काचघर खरंच मोठं होतं. लोखंडी सांगाडा, ऊन अडावं म्हणून वरच्या काचांना चुना फासलेला, आणि आत बारीक फवारे चालू. दारात पाय ठेवला की चष्म्यावर वाफ धरे आणि हात धरलेल्या माणसाचाही चेहरा दिसेनासा होई.

माळी दारातच स्टुलावर बसला होता. तुकाराम नाव. याचे पूर्वज पवारांच्या फौजेबरोबर आले होते आणि याचं मराठी अर्धं माळवीत भिजलं होतं. त्याने आत जाणाऱ्या प्रत्येकाला एकच गोष्ट सांगितली, बाईंनाही सांगितली.

"ताई, आत वळणं लई हैं. कोणी मागे राहिलं तर नाव घेऊन हाक मारा. नुसती हाक नका मारू. काच में आवाज़ घूमती है."

विद्युल्लताबाईंनी त्याच्याकडे वरपासून खालपर्यंत पाहिलं. नवऱ्याला कशी हाक मारायची, हे आता माळ्याने शिकवायचं राहिलं होतं.

३

आत शिरल्यावर दहा पावलांत त्यांना हंसराज दिसला. काळ्या देठांचा, झिरमिळ्या पानांचा, शाळेच्या पोरांनीही ओळखावा असा. त्याच्या कुंडीत पाटी होती 'शतावरी'.

त्यांनी तुकारामला आत बोलावून घेतलं. हंसराजाला बीजाणू येतात, शतावरीला फुलं येतात, यात गल्लत करणं म्हणजे गाईला बदक म्हणण्यासारखं आहे, हे त्यांनी त्याला सांगितलं. तो म्हणाला, पाट्या धारहून साहेबलोक पाठवतात, आम्ही लावतो. बाई म्हणाल्या, मग डोळे कशासाठी दिलेत. हे प्रकरण असं चढत गेलं. फवाऱ्याचं पाणी त्यांच्या अंबाड्यावर पडत होतं, त्यामुळे ते अजून चढलं.

मध्येच कोणी पदर ओढला. श्रीपादराव होते. त्यांचा चेहरा फुलला होता. कित्येक महिन्यांत त्यांनी स्वतःहून काही सांगितलं नव्हतं.

"अगं, तिकडे कोपऱ्यात एका कुंडीला नावच नाही. कोरी पाटी आहे नुसती."

त्यांनी बायकोसाठी एक चूक शोधून आणली होती. विद्युल्लताबाईंना हे नंतर कळलं. त्या वेळी त्यांनी मान वळवली नाही.

"मग तुमचं द्या लावून!"

"बरं," म्हणाले श्रीपादराव, आणि गेले.

शतावरीचा निकाल लागायला आणखी दहा मिनिटं गेली. बाईंनी पाटी उपसून तुकारामच्या हातात दिली आणि वळून पाहिलं तर मागे कोणी नव्हतं. त्या डाव्या वाटेने गेल्या, उजव्या वाटेने आल्या, पुन्हा तिथेच. पानं, वाफ, ठिबकणारं पाणी. या माणसाला घराची गल्ली सापडत नाही आणि आपण इथे पाट्यांवर भांडत बसलो.

"अहो!"

"हं."

लगेच. कोपऱ्यातल्या नेच्यांमागून. आणि पाठोपाठ श्रीपादराव बाहेर आले. केस ओले, अंगात सकाळी घातलेला मरून स्वेटर, हात पाठीशी. विद्युल्लताबाईंना इतकं बरं वाटलं की त्यांनी चारचौघांत त्यांचा दंड घट्ट धरला. पुढे महिनाभर त्यांना स्वतःच्या याच बरं वाटण्याची सर्वांत जास्त चीड आली.

दारात तुकाराम उभा राहिला होता. त्याने श्रीपादरावांकडे पाहिलं नाही.

"नाव नाही घेतलं, ताई."

"आमच्यात घेत नाहीत," बाई म्हणाल्या आणि वही मागून घेतली.

४

घरी सगळं सुरळीत झालं. हेच खटकायला हवं होतं.

श्रीपादराव रात्री उठून दाराची कडी काढेनासे झाले. आंघोळीला भांडेनासे झाले. पोह्यांवर जीरावनचा डोंगर करायचे, तो बंद झाला. समोर येईल ते खाऊ लागले. हाक मारली की येत. बसा म्हटलं की बसत, आणि पुन्हा हाक मारेपर्यंत तिथेच बसत. एकदा बाई भाजीला गेल्या, शेजारणीकडे गप्पांत दोन तास गेले. परत आल्या तर ते स्वयंपाकघराच्या उंबऱ्यात उभे होते, जिथे "थांबा जरा" म्हणून त्या गेल्या होत्या. चहावर साय धरली होती.

"अहो, बसायचं नाही का?"

"हं."

प्रत्येक "हं" एकाच सुरातला. आणि प्रत्येक पहिल्या हाकेला.

विश्वासराव येऊन म्हणाले, वहिनी, यांच्या चेहऱ्यावर काय तेज आलंय, बागेची हवा मानवली. डॉक्टर फोनवर म्हणाले, गोळ्या लागू पडल्या. पुण्याहून अपूर्वाने, मुलीने, व्हिडिओवर पाहिलं आणि तिचे डोळे भरून आले. बाबा किती शांत दिसताहेत, म्हणाली. मग तिने चार वेळा "बाबा, बाबा" केलं. ते फोनच्या वरून भिंतीकडे बघत राहिले.

"कान तपासून घे गं आई त्यांचे."

"कान ठीक आहेत," बाई म्हणाल्या. "अहो."

"हं."

अपूर्वा हसली. विद्युल्लताबाईंना हसू आलं नाही. लोक ज्याचं अभिनंदन करत होते ते त्यांना नको होतं. त्यांना तिसऱ्या हाकेला "ऐकू आलंय" म्हणणारा हट्टी माणूस हवा होता, विसरलेला, चुकलेला, कसाही. पण हे बोलणार कोणाजवळ? नवरा ऐकायला लागला म्हणून रडणारी बाई कोणी पाहिली आहे का? त्या स्वतःशीच वाद घालत. आजारात स्वभाव बदलतो, पुस्तकात आहे, डॉक्टरांनी सांगितलं आहे. आपण शिकलेल्या, शास्त्र शिकवलेल्या. मग त्या उठून माठातलं पाणी बघत. सकाळी भरलेला माठ दुपारी तळाला गेलेला असे.

५

फेब्रुवारी सरता सरता ऊन तापलं आणि बाईंनी लोकरीचे कपडे धुवायला काढले. मरून स्वेटर त्यांनी स्वतः विणला होता, अकरा वर्षांपूर्वी, आणि त्याची डावी बाही दोन बोटं लांब झाली होती. श्रीपादरावांनी ती उसवू दिली नाही. दर हिवाळ्यात ती बाही दुमडत आणि येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवून म्हणत, हिचा हात जरा सढळ आहे.

दोरीवर वाळत घालताना बाईंनी दोन्ही बाह्या एकत्र धरल्या. त्या सारख्या होत्या.

त्यांनी घडी घातली, पुन्हा धरल्या. टेप आणून मोजल्या. साडेएकोणीस, साडेएकोणीस. लोकर आटते, त्यांनी स्वतःला सांगितलं. एकच बाही आटते का, हे मग त्यांनी स्वतःला विचारलं नाही.

मग खिसे तपासले. डाव्या खिशात पत्र्याची पाटी होती, कुंडीत खोचायची, खालून टोकदार. बाईंच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बागेतली पाटी चोरून आणली! वनस्पतिशास्त्राच्या बाईंच्या घरात! पाटी उलटून पाहिली. दोन्ही बाजू कोऱ्या.

तेव्हा त्यांना कार्ड आठवलं. महिनाभर आंघोळ घालताना, शर्ट बदलताना ती दोरी हाताला लागलीच नव्हती, आणि गरजच पडत नव्हती म्हणून त्यांनीही शोधली नव्हती.

ओट्याशी टेकून त्या खाली बसल्या. मग तुमचं द्या लावून. बरं.

बाहेर ओसरीवर ते बसले होते, सकाळी बसवले तसेच. त्या दिवशी बाईंनी त्यांना जेवायला हाक मारली नाही. ते आले नाहीत.

६

मार्चची सहल ओंकारेश्वरला ठरली होती. विद्युल्लताबाईंनी विश्वासरावांना फोन केला आणि सातकुंडीला पुन्हा जायचं असं सांगितलं. ते म्हणाले, एकच बाग दोनदा कशी. त्या म्हणाल्या, तिथे माझी वस्तू राहिली आहे. कुरिअरने मागवू या, म्हणाले. त्यावर बाईंनी जे ऐकवलं, त्यानंतर सहल सातकुंडीला गेली.

रस्ताभर त्या मनातल्या मनात नाव म्हणत होत्या. आठ दिवस न्हाणीघरात नळ सोडून त्यांनी सराव केला होता. तीन अक्षरं. पस्तीस वर्षं लॅटिन नावं शिकवलेली जीभ त्या तीन अक्षरांवर अडत होती, आणि स्वतःचाही इतका संताप त्यांना पूर्वी कधी आला नव्हता.

शेजारी ते खिडकीकडे तोंड करून बसले होते. फाटकाशी गाडी थांबल्यावर बाई म्हणाल्या, "इथेच बसायचं." ते बसले.

तुकाराम स्टुलावरून उठला. गाडीच्या काचेकडे एकदा बघून त्याने नजर खाली घातली.

"इतकी वर्षं इथे आहात," बाईंनी त्याला गाठलं. "एक मोठा बोर्ड लावता येत नाही दारावर? येणाऱ्याला तोंडी सांगता, ते कोण मनावर घेणार?"

"अर्ज दिला होता ताई. दोन बार. जवाब नाही आला." त्याने दाराच्या कडीला हात घातला. "नाव तुमच्याने निघेल ना?"

"तुम्ही दार उघडा."

त्याने दार उघडलं. आत मात्र आला नाही.

७

चष्म्यावर वाफ धरली. बाईंनी तो काढून पदराला पुसला, पुन्हा घातला, पुन्हा धुरकटला. मग तो हातात घेऊनच त्या चालल्या. हंसराजाच्या कुंडीत 'शतावरी'ची पाटी परत लागली होती. त्या पहिल्यांदाच एका चुकीच्या पाटीसमोरून न थांबता गेल्या.

कोपरा काचघराच्या शेवटी होता. नेचे माणसाच्या उंचीचे झाले होते, त्यामागे जमिनीलगत एक वाफा, आणि वाफ्याच्या कडेला कुंडी. कुंडीत दोरीसकट कार्ड खोचलेलं. लॅमिनेशनवर पाण्याचे थेंब, खाली त्यांचंच ठळक अक्षर. कुंडीत माती होती, बाकी काही उगवलं नव्हतं.

कुंडीच्या मागे नेच्यांत कोणी पाठमोरं उभं होतं.

चष्मा नसल्याने कडा पुसट होत्या. मरून रंग दिसला. तो स्वेटर त्यांनी स्वतःच्या हाताने डांबरगोळ्या घालून ट्रंकेत ठेवला होता. दोन्ही हात पाठीशी बांधलेले. डावी बाही दुमडलेली. घोट्यांच्या खाली काय होतं ते त्यांनी एकदा पाहिलं आणि परत पाहिलं नाही.

नाव जिभेवर होतं. तीन अक्षरं. त्यांनी तोंड उघडलं, आणि एकेचाळीस वर्षांची सवय पुढे झाली.

"अहो!"

"हं."

डावीकडच्या केळींतून. "हं." वरच्या लोंबत्या कुंड्यांमागून. "हं." दाराकडून, हंसराजापासून, पायाशी असलेल्या ओल्या मातीतून. "हं. हं." कोणी घाई केली नाही. पुरुषी, बायकी, एक तर अगदी कोवळं, सगळी त्याच एका सुरात, हाक आपल्यालाच आहे अशा खात्रीने. पानं हलू लागली.

विद्युल्लताबाई कान देऊन ऐकत होत्या. आयुष्यभर वर्गात हजेरी घेतली होती त्यांनी. कोण ओ देतं यापेक्षा कोण देत नाही, ते त्यांच्या कानाला लवकर कळे.

समोरची पाठ गप्प होती.

"श्रीपाद," त्या म्हणाल्या.

आवाज चिरका निघाला, आणि लाजेने त्यांचे कान तापले. भोवतालचं "हं" थांबलं. मरून पाठ हलली नाही. अर्थातच नाही. पहिल्या हाकेला हा माणूस कधी ओ देणार होता?

मागे काचघराचं दार कुरकुरलं. ओल्या फरशीवरून पावलं येऊ लागली, शांत, आज्ञाधारक, सारख्या अंतराची. गाडीत बसवलेलं उठून आलं होतं. त्यांनीच "अहो" केलं होतं ना.

"श्रीपाद!"

पाठीशी बांधलेले हात सुटले. डावा हात हळूहळू वर गेला, दुमडलेल्या बाहीसकट, आणि कान चोळू लागला.

पावलं त्यांच्या मागे येऊन थांबली. खांद्यावर एक हात टेकला. थंड होता, आणि त्याचं पाणी पदरातून खाली ओघळलं. कानाजवळ कोणी समजूतदारपणे म्हणालं, "हं."

विद्युल्लताबाईंनी वळून पाहिलं नाही. चाळीस पोरांचा वर्ग गप्प करणारा जुना राग त्यांच्या पोटातून वर आला, आणि त्या रागाचे त्यांनी मनोमन उपकार मानले.

"तुला कोणी बोलावलं नाही," त्या म्हणाल्या. "तू थांब."

आणि तिसरी हाक मारायला त्यांनी छातीभर श्वास घेतला.